खरेदीला निघताना : मामंजींसाठी फिशिंग रॉड

मिक्सर, प्रेशर कुकर, गाद्यांचा कापूस, मुलांची दप्तरं, अशा कितीतरी गोष्टींच्या खरेदीविषयी आपण या सदरात बोललो. या आठवड्याचा विषय पाहून काही जणी हसतील. हसा, पण वाचा. एका भगिनीचं पत्र आलंय बिरसीहून. गोंदियापासून दहा-बारा किलोमीटरवरचं हे गाव. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात तिथं धावपट्टी झाली, पुढं वैमानिक घडवणारी संस्था आली आणि १३ मार्च २०२२ पासून तिथून प्रवाशांची विमानंही उडू लागली.

त्या लिहितात : “सासूबाईंना जाऊन आठ महिने झाले. मामंजी सरकारी नोकरीतून निवृत्त झालेले. पूर्वी दर रविवारी बांबूची काठी घेऊन तलावाच्या पाळीवर गळ टाकून बसायचे. आता घराबाहेर पडत नाहीत. पेपरसुद्धा घडी न मोडता पडून राहतो. दिवाळीत आम्ही सगळे नणंदेकडे मालवणला जाणार आहोत. तिथं खाडी आहे, समुद्र आहे. माझ्या भिशीचे पैसे आलेत. त्यातून त्यांना घडी घालून नेता येईल असा फिशिंग रॉड घ्यावा असं मनात आहे. हे म्हणतात, म्हातारपणी कसली खेळणी, पैसे वाया जातील. तुम्ही सांगा, घेऊ का? आणि घ्यायचा तर कसला?”

ताई, घ्या. वाया जाईल की नाही हे रॉडच्या किमतीवर फारसं नसतं, निवडीवर असतं. तेव्हा निवडीचंच नीट पाहू.

आधी तीन प्रश्न

दुकानात जाण्यापूर्वी घरीच तीन प्रश्नांची उत्तरं काढा. गळ कुठल्या पाण्यात टाकायचा? सामान कशानं न्यायचं? आणि काठी धरणारा हात कुणाचा?

पाण्याचं म्हणाल तर तुमच्याकडे तलाव आणि बोड्या. भंडारा-गोंदिया म्हणजे तलावांचाच मुलूख. पाण्याला ओढ नाही, मासे रोहू, कटला, मृगळ, मरळ. मालवणला मात्र कर्लीची खाडी. भरती-ओहोटीची ओढ, खारं पाणी आणि बोय, तांबोशी, शिंगाळा असे वेगळेच मासे. तलावावर बांबूची साधी काठी चालते, कारण गळ पुढ्यातच सोडायचा असतो. खाडीवर तो लांब फेकावा लागतो आणि मासा ओढू लागला की दोरा सोडावाही लागतो. त्यासाठी रीळ हवं. दोन्हीकडे चालेल असा रॉड हवा असेल तर रिळाचाच घ्या.

प्रवासाचं म्हणाल तर गोंदियाहून महाराष्ट्र एक्सप्रेसनं थेट कोल्हापूर, पुढं एसटीनं घाट उतरून मालवण, असा तुमचा बेत दिसतो. म्हणजे रात्रीचा डबा, बर्थखाली बॅगा आणि एसटीतली गर्दी. लांब काठी घेऊन या सगळ्यातून जाणं म्हणजे शिक्षाच. आणि पुढंमागं गावातल्याच विमानतळावरून कुठं जायचं ठरलं तर रॉड बॅगेत मावलाच पाहिजे.

हाताचं म्हणाल तर तो हात सत्तरीच्या घरातला. खांदा आखडतो, मनगट दुखतं, बारीक गाठ दिसत नाही. दुकानदार हे विचारत नाही, आपणच लक्षात ठेवायचं.

तीन प्रकार

बाजारात नेता-आणता येण्याजोगे रॉड मुख्यतः तीन प्रकारचे मिळतात.

पहिला टेलिस्कोपिक. जुन्या दुर्बिणीसारखी एकात एक सरकणारी नळी. बंद केला की साधारण हातभर, उघडला की सात-आठ फूट. झटकन उघडतो, झटकन मिटतो, कुठलाही तुकडा हरवत नाही. उणीव अशी, की टोकाचा भाग फार बारीक असतो आणि मोडतो तो तोच. शिवाय वाळूचा कण आत गेला की नळ्या अडकून बसतात.

दुसरा तुकड्यांचा. तीन, चार किंवा पाच भाग एकमेकांत बसवायचे. वाकतो छान, एकसंध काठीसारखा, आणि मजबूतही. मात्र जोडायला दोन-चार मिनिटं लागतात आणि फेकता फेकता सांधा सैल होतो, तो अधूनमधून दाबून पाहावा लागतो. तुकडा बॅगेत मावेल का, याचा हिशोब सोपा आहे. एकूण लांबीला तुकड्यांनी भागायचं आणि त्यात सांध्यासाठी चार-पाच सेंटिमीटर मिळवायचे. २१० सेंटिमीटरचा चार तुकड्यांचा रॉड म्हणजे एक तुकडा ५५ ते ५८ सेंटिमीटर. मधल्या आकाराच्या सुटकेसमध्ये तो तिरका सहज बसतो. दोनच तुकड्यांचा घेतलात तर तुकडा मीटरभराहून मोठा होतो. तो बॅगेत मावत नाही.

तिसरा बिनरिळाचा, घडीचा. हा म्हणजे आपल्या बांबूच्या काठीचाच धाकटा भाऊ. दोरा थेट टोकाला बांधायचा. जपानात डोंगरातल्या ओढ्यांवर अशाच बिनरिळाच्या काठीनं मासे धरतात, त्या पद्धतीला ‘टेंकारा’ म्हणतात. तलावावर बसणाऱ्याला हा फार सोयीचा, स्वस्त आणि हलका. पण खाडीवर अपुरा पडतो.

बिरसीच्या ताईंनी पहिल्या दोनांतून निवडावं. माझं मत विचाराल तर मामंजींना जोडाजोडीचा कंटाळा नसेल आणि बोटं चालत असतील तर चार तुकड्यांचा. बोटं आखडत असतील तर टेलिस्कोपिक. लांबी सात ते आठ फूट. त्याहून लांब रॉड पेलताना खांद्यावर ताण येतो, त्याहून आखूड घेतला तर पाळीवरून गवतापलीकडे गळ जात नाही.

काचतंतू की कार्बन?

दुकानदार ‘कार्बन’ हा शब्द असा उच्चारतो की जणू सोनंच. कार्बनचा रॉड हलका असतो आणि माशाचं हलकंसं टोचणंही हाताला कळतं, हे खरं. पण तो ठिसूळ असतो. दगडावर आपटला, दारात चेमटला की बारीक तडा जातो, आणि तो कळतो ऐन मासा लागल्यावर. काचतंतूचा म्हणजे फायबरग्लासचा रॉड थोडा जड, पण दणकट आणि स्वस्त. दोन्हीच्या मिश्रणाचे रॉडही मिळतात. घरात नातवंडं असतील आणि ‘आजोबा, मला द्या ना’ होणार असेल तर फायबरग्लास किंवा मिश्रणाचाच घ्या.

आणखी एक गोष्ट, आणि ही विसरू नका. कार्बनमधून वीज वाहते. विजेच्या तारांखाली कार्बनचा रॉड उभा धरणं म्हणजे जिवाशी खेळ. पूर्व विदर्भात तर मृगाच्या आधी आणि परतीच्या पावसात विजा पडतात. आभाळ गडगडलं की रॉड कुठलाही असो, खाली ठेवायचा आणि पाळीवरून उठून पक्क्या घरात यायचं. झाडाखाली थांबायचं नाही. हे मामंजींना सुनेनं सांगितलेलं चालेल, पण नातवानं सांगितलं तर जास्त ऐकतील.

दुकानात काय पाहाल?

रॉड पूर्ण उघडून दाखवायला सांगा. बंद डब्यातला घेऊ नका. सुईत दोरा ओवताना जसा एक डोळा मिटता, तसं मुठीकडून टोकाकडे पाहा. दोरा जाण्याच्या सगळ्या कड्या एका रेषेत दिसल्या पाहिजेत.

प्रत्येक कडीतून कापसाचा बोळा फिरवा. धागा अडकला तर कडीला आतून चीर आहे. अशी कडी दोरा कापते. दुकानदार बघत राहील, राहू दे.

रॉड हलकेच हलवा. खडखड वाजला तर सांधे ढिले. रीळ बसवायची जागा घट्ट आवळते का, तेही पाहा.

रॉडवर बारीक अक्षरात किती ग्रॅम वजन फेकता येईल ते छापलेलं असतं. तलाव आणि खाडी दोन्हीसाठी १० ते ३० ग्रॅमचा मधला रॉड पुरे. मोठ्या समुद्री माशांसाठीचा ‘हेवी’ रॉड गळ्यात मारू पाहतील, तो नको. मनगटाला जड होतो.

रीळ २५०० किंवा ३००० नंबरचं. बहुतेक रिळांचा दांडा डावीकडे-उजवीकडे बदलता येतो, तो दुकानातच बदलून पाहा. ज्यांचा उजवा खांदा दुखतो त्यांना हे उपयोगी पडतं. रिळाच्या दोरा सोडणाऱ्या बटणाला ‘ड्रॅग’ म्हणतात. हातानं दोरा ओढून बघा. झटके न देता, कुरकुरत, सारख्या वेगानं सुटला पाहिजे.

दोरा साधा नायलॉनचा, पाव ते एक तृतीयांश मिलिमीटर जाडीचा. वेणीचा महागडा दोरा सुरुवातीला नको, बोट कापतं आणि गुंता सुटत नाही. रिळात दोरा काठोकाठ भरू नका, दोन-तीन मिलिमीटर रिकामे ठेवा, म्हणजे वेटोळी आपोआप उसळणार नाहीत.

किमतीचं म्हणाल तर हजार-दीड हजारातही रॉड आणि रिळाची जोडी मिळते, आणि हौसेला सीमा नाही. पैसे विभागायचे झाले तर रॉडवर थोडे कमी, रिळावर थोडे जास्त खर्च करा. स्वस्त रॉड वर्षानुवर्षं टिकू शकतो. स्वस्त रीळ खाऱ्या हवेत एका दिवाळीत गंजतं. पन्नास गळ आणि रंगीत प्लॅस्टिकचे मासे असलेला ‘फुकट’ डबा सोबत मिळत असेल तर त्यासाठी रॉड बदलू नका.

प्रवासाची पिशवी घरीच शिवा

रॉडसोबत येणारी पिशवी पातळ असते. घरी जुनी जाड चादर, कॅनव्हास किंवा जीन्सचा पाय असेलच. मिटलेल्या रॉडच्या लांबीत १२ सेंटिमीटर मिळवा. जाड भागाभोवती टेप फिरवून जो घेर येईल त्यात ८ सेंटिमीटर मिळवा. आतून जुन्या फ्लॅनेलचं अस्तर लावा आणि चार तुकड्यांचा रॉड असेल तर मध्ये शिलाई मारून चार कप्पे करा. तुकड्याला तुकडा घासत नाही. तोंडाला नाडी.

गाडीत दुसऱ्यांच्या बॅगा वर पडण्याची भीती असेल तर प्लंबिंगच्या दुकानातून तीन इंची पीव्हीसी पाइपचा तुकडा आणि दोन टोपणं आणा. त्यात पिशवीसकट रॉड सरकवा. बाजारच्या महाग नळीचं काम होतं.

विमानानं जायचं झालं तर गळ, छोटी सुरी, कात्री आणि पक्कड हातातल्या बॅगेत ठेवू नका, तपासणीत काढून घेतील. त्या वजन करून देण्याच्या बॅगेत, टोपणाच्या डबीत. रॉडही त्याच बॅगेत, कपड्यांच्या मधोमध ठेवलेला बरा. नियम कंपनीगणिक थोडेफार वेगळे असतात, तिकीट काढतानाच विचारून घ्या.

गळ, मुलं आणि पक्षी

गळ म्हणजे सुईच, तीही उलट काट्याची. बोटात रुतला तर ओढू नका, मांस फाटतं. दोरा कापा आणि सरळ डॉक्टरकडे जा, धनुर्वाताच्या इंजेक्शनचं विचारा. डोळ्याजवळ लागला तर अजिबात हात लावायचा नाही. नातवंडं जवळ असतील तर पकडीनं गळाचा उलट काटा आधीच दाबून सपाट करावा. मासा थोडा सुटेल, पण बोट वाचेल. शिंगाळ्याच्या पंखाचे काटे विषारी असतात, तो मासा उघड्या हातानं धरू नये.

तुटलेला दोरा पाळीवर टाकायचा नाही. तुमचा जिल्हा सारस पक्ष्यांचा, महाराष्ट्रात हे पक्षी आता मुख्यतः तिकडेच उरले आहेत. नायलॉनच्या गुंत्यात पाय अडकला की पक्षी तडफडून मरतो, आणि गुराच्या पोटात गेला तर गुरू. एक रिकामी डबी सोबत द्या आणि ‘दोऱ्याचे तुकडे यात’ असं बजावा.

परवानगी विचारायला लाजू नका

हा मुद्दा महत्त्वाचा आहे. तुमच्याकडच्या बहुतेक तलावांतले मासे आपोआप आलेले नसतात. माजी मालगुजारी तलाव, ज्यांना लोक ‘मामा तलाव’ म्हणतात, ते आणि इतर तलाव ढिवर बांधवांच्या मच्छीमार सहकारी संस्था ठेक्यानं घेतात, पैसे भरून बीज सोडतात आणि वर्षभर राखतात. त्यावर त्यांची चूल पेटते. आपली हौस त्यांच्या पोटाच्या आड येता कामा नये. संस्थेच्या माणसाला भेटून मामंजींना बसू द्याल का, काही फी द्यायची का, असं सरळ विचारावं. मान दिला की माणसं नाही म्हणत नाहीत, उलट कुठल्या कोपऱ्यात बसावं तेही सांगतात. नवेगावबांधच्या बाजूला राखीव जंगलाचा भाग येतो, अभयारण्यात आणि राष्ट्रीय उद्यानात गळ टाकता येत नाही. मालवणलाही सिंधुदुर्ग किल्ल्याच्या परिसरात १९८७ पासून सागरी अभयारण्य आहे. तेव्हा नणंदेच्या यजमानांना आधी विचारून ठेवायला सांगा, कुठं चालतं, कुठं नाही. मुंबईत पवई तलावावरसुद्धा हौशी गळवाल्यांची संघटना आहे आणि तिथंही परवान्याशिवाय बसत नाहीत.

परत आल्यावर

खाऱ्या पाण्याहून आल्यावर रॉड आणि रीळ गोड्या पाण्यानं हलक्या हातानं पुसून काढा. जोराच्या नळाखाली धरू नका, मीठ आत जातं. रॉड उघडाच सावलीत वाळू द्या, ओला मिटू नका. टेलिस्कोपिक उघडताना बारीक टोकापासून सुरुवात करायची, मिटताना जाड बाजूकडून. उलट केलंत तर टोक मोडलंच म्हणून समजा. तुकड्यांच्या सांध्याला मेणबत्तीचा तुकडा एकदा फिरवला की सांधा घट्टही बसतो आणि सुटतोही. तेल लावू नका, त्यावर धूळ बसते.

आणि हो, कणकेचा डबा कुलपात ठेवा! रोहू-मृगळासाठी कणीक, भाजलेलं बेसन आणि शेंगदाण्याची पेंड मळून गोळ्या करतात. एकदा का आजोबा-नातू स्वयंपाकघरात शिरले की मळलेली कणीक पोळ्यांना उरत नाही. त्यांना वेगळी वाटी काढून द्या. गांडुळांची डबी मात्र फ्रिजमध्ये नको, हे पहिल्या दिवशीच स्पष्ट सांगा.

आता मूळ प्रश्न

ताई, तुम्हाला रॉड गुपचूप आणून दिवाळीच्या पाडव्याला मामंजींच्या हातात द्यावासा वाटत असेल. तसं करू नका. ज्या माणसाचं रोजचं जग एकदम रिकामं झालंय, त्याला भेटवस्तूही कधी कधी ओझं वाटते. ‘माझ्यासाठी कशाला खर्च’ म्हणतील आणि रॉड कपाटावर जाईल. त्यापेक्षा त्यांचीच मदत मागा. “मामंजी, मालवणला मुलांना गळ टाकायला शिकवायचाय, मला यातलं कळत नाही, तुम्ही दुकानात येता का?” असं म्हणा. जे ‘माझ्यासाठी नको’ म्हणतात ते ‘मुलांसाठी’ उठतात. दुकानात ते रॉड हातात घेतील, वाकवून पाहतील, दुकानदाराशी दोन शब्द वाद घालतील. त्यांनी दुसराच निवडला तर तो घ्या. माझी वरची सगळी यादी बाजूला ठेवा. त्यांनी निवडलेला रॉडच वापरला जाईल.

पहिल्यांदा ते एकटे नकोत. ब्लडप्रेशरची गोळी, पाण्याची बाटली, टोपी, घडीची खुर्ची आणि सोबत घरातलं एक माणूस. गाठी तुम्ही आदल्या रात्री बांधून द्या. सुईत दोरा ओवणारे डोळे आपले, तेवढं आपल्याला जमतं. गाठ आवळण्यापूर्वी दोरा ओला करायचा, म्हणजे तो जळत नाही. मासा मिळाला नाही तरी चालतं. वार असेल, चतुर्थी असेल तर ओल्या हातानं मासा परत पाण्यात सोडायला सांगा, त्यानं त्यांची हौस कमी होत नाही.

आणि मालवणला जाण्याचीही वाट पाहू नका. रॉड आणल्याच्या पहिल्या रविवारी, संस्थेला विचारून, जवळच्या तलावाच्या पाळीवर त्यांना तासभर बसवा. परत येताना रिकामे आले तर विचारू नका ‘काय मिळालं?’ म्हणून. विचारा, ‘कुठल्या बाजूला बसला होतात?’ त्याचं उत्तर लांबत जाईल. सासूबाईंचा विषय निघाला तर निघू द्या. आठ महिने कुणी काढला नसेल.

‘ह्यां’ना सांगा, भिशीचे पैसे आहेत, हिशोब मला द्यायचा आहे. आणि शक्य असेल तर त्या रविवारी वडिलांच्या सोबतीला त्यांनाच पाठवा. खुर्च्या मात्र दोन न्यायला सांगा.